तंजावूरच्या शस्त्रागाराची मोड : वजनावर विकलेल्या धातूचा अपुरा हिशेब

तंजावूरच्या राजवाड्यात जाणारा मराठी माणूस सरस्वती महालातली हस्तलिखिते पाहतो, कलादालनातल्या चोळकालीन मूर्ती पाहतो, दरबाराच्या दालनात सरफोजीराजांच्या पुतळ्यापुढे थांबतो आणि परततो. त्याच आवारात मजल्यामजल्याने निमुळता होत गेलेला एक उंच मनोरा आहे. तो शस्त्रागाराचा मनोरा म्हणून ओळखला जातो, पण ज्या शस्त्रागाराचे नाव तो वागवतो ते तिथे नाही. त्यातला निवडक भाग चेन्नईच्या सरकारी संग्रहालयात आहे, काही वस्तू देशाबाहेरच्या संग्रहांत आहेत, आणि उरलेला मोठा भाग एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात मोडून जुन्या धातूच्या भावाने विकला गेला. या विक्रीबद्दल गेली दीडशे वर्षे अधूनमधून लिहिले जाते. कुणी तिला लूट म्हणतो, कुणी बेपर्वाई, कुणी त्या काळाचा रिवाज. कोणत्या मताला कितपत आधार आहे आणि कोणते प्रश्न खुले आहेत, याचा हा आढावा. जुन्या दारूगोळ्याचे आणि शस्त्रांचे भंगार आजही विकले जाते, त्यामुळे विषय केवळ इतिहासाचा नाही.

राज्य गेले, वाडा राहिला

२५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने दुसऱ्या सरफोजीराजांनी राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे दिला आणि त्यांच्याकडे किल्ला, वाडा व वार्षिक नेमणूक एवढेच उरले. राजाकडे सत्ता नव्हती, पण पिढ्यान्‌पिढ्या साठलेली शस्त्रे वाड्यात होती. १६७५ च्या सुमारास एकोजीराजांनी तंजावूर घेतले, तेव्हा नायक राजांचा साठाही मराठ्यांच्या हाती आला असणार. पुढच्या वादात या गोष्टीला महत्त्व आहे. ऑक्टोबर १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे वारले. पुरुष वारस नव्हता, आणि डलहौसीच्या खालसा धोरणाप्रमाणे गादी संपुष्टात आली. १८ ऑक्टोबर १८५६ रोजी कमिशनर फोर्ब्स यांनी सैनिक आणून वाड्याचा ताबा घेतला आणि मालमत्तेला मोहरा लावल्या. राज्याची मालमत्ता कोणती आणि राजाची खासगी कोणती, हा भेद त्या वेळी केला गेला नाही.

थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेब मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि दावा जिंकल्या. सरकारने लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे अपील केले आणि १८५९ मध्ये तो निकाल फिरला. ताबा न्याय्य होता की अन्याय्य, या प्रश्नात न्यायालय शिरले नाही. हे सार्वभौम सत्तेने केलेले कृत्य आहे आणि त्याची तपासणी कोणत्याही दिवाणी न्यायालयाला करता येत नाही, एवढेच त्याने ठरवले. हा निकाल पुढे ‘राज्यकृत्य’ या तत्त्वाचा नमुना म्हणून वकिलांच्या पिढ्यांनी पाठ केला. खटला हरलेल्या राण्यांना १८६२ मध्ये मद्रास सरकारने जमीनजुमला परत दिला, पण तो हक्क म्हणून नव्हे, कृपा म्हणून. शस्त्रे या कृपेच्या बाहेर राहिली. १८५७ नंतरचा काळ होता. त्या साली आणि पुन्हा १८६० साली शस्त्रबंदीचे कायदे झाले होते, आणि अशा वेळी राजवाड्यातला हत्यारांचा ढीग कोणताही कलेक्टर सहज सोडून देणार नव्हता. सरकारने काही नग मद्रासच्या संग्रहालयासाठी निवडले आणि बाकीची शस्त्रे मोडून विकली. या प्रसंगाची माहिती मुख्यतः मद्रास सनदी सेवेतल्या एम. जे. वॉलहाउस यांच्या ‘इंडियन अँटिक्वेरी’तल्या १८७८ च्या लेखामुळे टिकली. लॉर्ड एगर्टन यांनी १८८० साली भारतीय शस्त्रांवरचे पुस्तक काढले, त्यातही तंजावूरच्या शस्त्रांची दखल आहे.

धातूची जात आणि त्याचे नशीब

मोडीच्या व्यवहारात काय टिकते आणि काय जाते, हे बऱ्याच अंशी धातूच ठरवतो. इतिहासकार याकडे कमी लक्ष देतात, म्हणून इथे जरा थांबायला हवे. बंदुकीच्या गोळ्या शिशाच्या. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे घरच्या चुलीवरही, आणि लोखंडी पळी व दगडी किंवा धातूचा साचा एवढ्या साहित्यात गोळी ओतता येते. त्यामुळे शिलकी शिसे कधी पडून राहत नाही. गोळीचे वजन होते, वजनाचा नळ किंवा पत्रा होतो, पत्र्याची पुन्हा गोळी होते. कोणत्याही जुन्या शस्त्रागारातले शिसे सर्वांत आधी नाहीसे होते आणि मागे खूण ठेवत नाही. कासे, पितळ आणि तोफांचा मिश्रधातू यांचे गणित निराळे. त्यांना हजाराच्या आसपास अंश उष्णता लागते, पण तांबे आणि कथील महाग असल्यामुळे गिऱ्हाईक तयार असते. कावेरीच्या खोऱ्यात स्वामिमलैसारख्या गावांतून ओतकामाची परंपरा अखंड चालू होती, तिथे जुन्या धातूला बाजार नव्हता असे म्हणणे अवघड आहे. लोखंड मात्र १५३८ अंशांपर्यंत वितळत नाही. देशी लोहार ते वितळवत नसे, तो तापवून आणि ठोकून जोडत असे. म्हणून तलवार मोडली की तिचे पाते कोयता किंवा नांगराचा फाळ होऊन जगू शकते. तिचे पोलाद मुशीत केलेले असेल, तर त्याची जडणघडण मात्र भट्टीत बिघडून जाते.

याची उलट बाजू तंजावूरच्या पूर्व तटावर, बीरंगी मेडूवर दिसते. नायक काळातली ती प्रचंड तोफ ओतलेली नाही. लोखंडाच्या लांब पट्ट्या आणि त्यांवर चढवलेली कडी तापवून सांधून ती घडवली आहे, लांबी सुमारे साडेसात मीटर. आयआयटी कानपूरचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी अशा तोफांच्या घडणीचा अभ्यास केल्यापासून तिच्याकडे तंत्रज्ञानाचा पुरावा म्हणून पाहिले जाऊ लागले. ती वाचली याचे श्रेय मी कुणाच्या दूरदृष्टीला देणार नाही. अनेक टनांचे लोखंड तोडण्याचा आणि वाहून नेण्याचा खर्च त्या लोखंडाच्या किमतीपेक्षा जास्त पडला असता, हे कारण मला अधिक पटते. तंजावूरमध्ये तोफ टिकली आणि कट्यारी गेल्या, त्यात कलेच्या मोलाचा भाग फारसा नाही. तोडणावळ परवडते की नाही, याचाच बराचसा तो निकाल आहे.

चार बाजू

पहिली बाजू कारभाराची. गंजून एकमेकांना चिकटलेले ढीग राखायला जागा लागते, पहारा लागतो, खर्च होतो. हत्यारबंद लोकांची भीती ताजी होती. संग्रहालयासाठी निवड केलीच होती, मग बाकीचे विकण्यात गैर काय? हा युक्तिवाद आज थंड वाटतो, पण पोकळ नाही. जुना दारूगोळा सांभाळणे आणि नष्ट करणे दोन्ही धोक्याचे असते. २० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला आणि सहा माणसे मेली. तंजावूरच्या साठ्यात तलवारी-कट्यारींबरोबर दारूही असती, तर ती कुणीतरी काढायलाच हवी होती.

दुसरी बाजू पुरातत्त्वाच्या अभ्यासकांची. वॉलहाउसपासून रॉबर्ट एल्गुडपर्यंत ती चालत आली आहे. एल्गुड यांच्या २००४ मधल्या ‘हिंदू आर्म्स अँड रिच्युअल’ या ग्रंथाचा कणा चेन्नईत राहिलेली तंजावूरची शस्त्रेच आहेत. त्यांचे महत्त्वाचे प्रतिपादन असे की या साठ्यातले बरेच नग मराठ्यांच्या आधीचे, विजयनगर आणि नायक काळाचे आहेत. मुठीवर नागफण्यासारखे कवच असलेल्या कट्यारी, त्यांवरचे याळी (सिंहासारखे काल्पनिक प्राणी), युरोपीय पात्यांना दक्षिणी मुठी बसवून केलेल्या फिरंगी, नक्षीचे अंकुश अशा वस्तू एका जागी साठलेल्या क्वचित सापडतात. हे मान्य केले, तर मोडीत गेलेला ढीग मराठ्यांच्या सुमारे एकशे ऐंशी वर्षांपेक्षा मोठ्या काळाचा ठरतो. तंजावूरच्या मोडीकडे केवळ ‘आपली’ हानी म्हणून पाहणाऱ्या मराठी वाचकाला ही गोष्ट किंचित अडचणीची वाटेल, पण ती टाळता येणार नाही.

तिसरी बाजू कारागिराची. तिचा पुस्तकी पुरस्कर्ता नाही, म्हणून ती बहुधा मांडलीच जात नाही. धातू पुन्हा वापरणे हाच या देशाचा रिवाज होता. जुने भांडे मोडीत देऊन नवे घ्यायचे, भंगलेली मूर्ती वितळवून पुन्हा ओतायची, तुटलेल्या पात्याचा विळा करायचा. खुद्द राजांच्या शस्त्रागारातही हेच चालत असे, आणि दुसऱ्या देशातून आलेल्या पात्यांना इथल्या मुठी बसवलेल्या फिरंगी हा त्याचाच नमुना आहे. मग इंग्रजांनी मोड विकली तर ती हानी, आणि नायकांच्या लोहाराने जुने पाते नव्या मुठीत घातले तर ती कला, असा भेद कशावर करायचा?

चौथी बाजू मालकीची. मोड विकणे योग्य होते की नाही, हा प्रश्न दुसरा. विकणाऱ्याची ती होती का, हा पहिला. प्रिव्ही कौन्सिलने तो न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवला. उत्तर दिले नाही, तसे नाकारलेही नाही. भोसले घराण्याने पुढे आपल्या ग्रंथसंग्रहाबद्दल जे केले ते इथे लक्षात घ्यावे लागते. १९१८ मध्ये हा संग्रह सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेकडे गेला आणि तंजावूरमध्येच राहिला. शस्त्रांबाबत निवड करण्याची संधी घराण्याला मिळाली असती, तर काय झाले असते हे सांगता येत नाही. पण ती संधी मिळाली नाही, हे नोंदवावेच लागते.

दीडशे रुपयांची बोली

या चार बाजूंना एका रांगेत बसवणारी एक घटना तंजावूरबाहेर, विजापुरात घडली आहे. मलिक-इ-मैदान ही तोफ १५४९ साली अहमदनगरला मुहम्मद बिन हसन रूमी याने ओतली. १६३२ मध्ये ती परांड्याहून विजापूरला आली. साताऱ्याचे राज्य खालसा झाल्यावर विजापूरही इंग्रजांकडे आले आणि १८५४ मध्ये तिथला निरुपयोगी सरकारी माल विकण्याचा हुकूम निघाला. तोफेचा लिलाव झाला आणि सर्वांत मोठी बोली दीडशे रुपयांची आली. विक्री पक्की करण्याआधी मामलेदाराने वर कळवले की ही रक्कम फार थोडी आहे आणि लोक या तोफेला मानतात. विक्री रद्द झाली आणि तोफ आजही तिथेच आहे.

विजापूरचा मामलेदार पुरातत्त्वज्ञ नव्हता. त्याने धातूचा भाव नाकारला नाही, वस्तू सरकारची आहे हेही नाकारले नाही. त्याने ती वस्तू ओळखून तिचे नाव घेतले आणि हुकूम व विक्री यांच्यामध्ये एक लेखी टिपण घातले. तंजावूरमध्येही निवड झाली, कुणीतरी ढीग चाळला, पण न निवडलेल्या शस्त्रांबद्दल असे टिपण झाल्याचे आढळत नाही. म्हणूनच चेन्नईत आज जे आहे ते एकूण साठ्याचा नमुना म्हणून धरायचे, की कुणाच्या आवडीने निवडलेला दर्शनी माल म्हणून, हे ठरत नाही. एल्गुड यांच्यासारख्या अभ्यासकाचे निष्कर्षही याच निवडीवर उभे आहेत. नक्षीच्या कट्यारी उचलल्या गेल्या आणि साध्या सैनिकी तलवारी मोडीत गेल्या, तर उरलेल्या संग्रहावरून फौजेबद्दल काही बोलणे धोक्याचे आहे. माझे मत असे की तंजावूरमध्ये खरी हानी मोड विकल्याने झालेली नाही. मोडण्यापूर्वी यादी न केल्याने झाली आहे.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला असा की हजारो गंजक्या नगांची यादी करणे तेव्हा अशक्य होते. पण हाच सरकारी कारभार खेड्याखेड्यातल्या वावरांची मोजणी करत होता. याच वाड्यातल्या संस्कृत हस्तलिखितांची वर्गवार सूची ए. सी. बर्नेल या जिल्हा न्यायाधीशाने तयार केली आणि ती १८८० साली प्रसिद्ध झाली. म्हणजे माणसे होती, सवय होती. पोथी नोंदण्याजोगी वाटली, तलवार वाटली नाही, इतकाच फरक. दुसरा आक्षेप कारागिराच्या बाजूने येतो : नायकांच्या लोहाराने तरी कुठे यादी केली? हे खरे आहे. पण त्याच्या हातून जुने पाते नव्या शस्त्रात दिसत राहिले, आणि एल्गुडना ते तीनशे वर्षांनी वाचता आले. भंगाराच्या भट्टीत वाचण्याजोगे काही राहत नाही, म्हणून तिथे कागदाची गरज अधिक. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. यादीवर भर दिला की मालकीचा अन्याय मागे पडतो, नीट नोंदवून केलेली जप्तीही जप्तीच. ते मला मान्य आहे. नोंद अन्याय पुसत नाही. पण तो मोजता येण्याची सोय तीच करते. राण्यांना १८६२ मध्ये जे परत मिळाले त्याबद्दल पुढे वारसांना कोर्टात भांडता आले, कारण त्याचा कागद होता. शस्त्रांबद्दल भांडायला कागद नव्हता.

आजचा कायदा आणि आजची मोड

जुन्या दारूगोळ्याच्या मोडीचा प्रश्न आजही आहे, पण देशागणिक तो निराळा आहे. अमेरिकेसारख्या देशांत घरी शिसे वितळवून गोळ्या ओतण्याचा छंद आहे. त्यातून उरलेले शिसे, वर येणारी मळी आणि चाकांच्या तोलासाठी वापरलेली जुनी वजने भंगारात जातात. तिथला वाद भावाचा, जस्ताच्या भेसळीचा आणि शिशाच्या विषारीपणाचा आहे. आपल्याकडे हा छंद कायद्याने रुजू शकत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे दारूगोळा बनवायला परवाना लागतो, आणि दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भाग व तो बनवण्याची यंत्रेही येतात. म्हणून इथला प्रश्न उरल्यासुरल्या जुन्या मालाचा आहे : वाड्याच्या माळ्यावरची ठासणीची बंदूक, विहिरीच्या गाळातले लोखंडी गोळे, शेतात सापडलेली शिशाची गोळी. याच अधिनियमाचे ४५ वे कलम दुरुस्त करूनही चालणार नाहीत अशा कालबाह्य वा पुराणवस्तू म्हणून मोलाच्या शस्त्रांना कायद्यातून सूट देते. पण १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपूर्वीची वस्तू पुरावशेष ठरते. तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. जमिनीत गाडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवावे, असे सांगणारा निखात निधी कायदा १८७८ चा आहे. म्हणजे ज्या साली वॉलहाउस तंजावूरच्या मोडीवर लिहीत होते, त्याच साली सरकार जमिनीतल्या निधीचा कायदा करत होते. जमिनीच्या वर, वाड्यात उघड पडलेल्या निधीला तो लागू नव्हता.

कायद्यांतली फट इथेच आहे. पुरावशेषांच्या नोंदणीचा भर मूर्ती, चित्रे, हस्तलिखिते यांवर आहे, त्यामुळे गंजलेले हत्यार सहज सुटते. भंगारवाल्याच्या तागडीवर शंभर वर्षांचे लोखंड आणि पाच वर्षांचे लोखंड एकाच भावाने जाते, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण ओळखण्याचे साधन त्याच्याकडे नाही. ओळख किती उशिरा पटते याचे उदाहरण कर्नाटकातल्या शिवमोग्गा जिल्ह्यातले नगर. तिथे २००२ मध्ये विहिरीत सापडलेली लोखंडी नळकांडी तोफगोळे समजून वर्षानुवर्षे संग्रहालयात पडून होती. ती म्हैसूरच्या सैन्याचे अग्निबाण आहेत हे नंतर कळले. ते कळले होते, म्हणून २०१८ मध्ये तिथल्या विहिरीतून आणखी हजारावर नळकांडी निघाली तेव्हा ती ओळखता आली.

काय अजून सुटलेले नाही

तीन प्रश्न खुले आहेत. पहिला प्रमाणाचा : मूळ साठ्यात नायककालीन किती आणि मराठाकालीन किती. शैलीवरून बांधलेले अंदाज एका मर्यादेपुढे जात नाहीत. पात्यांच्या पोलादाची तपासणी आणि शिशाच्या समस्थानिकांचे विश्लेषण यांतून धातूचा उगम कळू शकतो, मात्र त्यासाठी नमुना घ्यावा लागतो आणि संग्रहालये, योग्य कारणाने, त्याला कचरतात. दुसरा प्रश्न मोड कुठे गेली याचा. ती जवळच्याच बाजारात विकली गेली असेल, तर तिचा काही भाग याच मुलखातल्या अवजारांत आणि घंटांत असणार, आणि ते शोधणे जवळजवळ अशक्य आहे. तिसरा प्रश्न कागदांचा, आणि तो मात्र सुटण्याजोगा आहे. तंजावूर दरबाराचे मोडी लिपीतले कागद मोठ्या संख्येने शिल्लक आहेत, आणि शस्त्रांची दुरुस्ती, खरेदी, दसऱ्याची पूजा, कारखान्यांचा खर्च अशा नोंदी दरबारी दप्तरात असणे स्वाभाविक आहे. या नोंदी एका बाजूला आणि चेन्नई संग्रहालयातल्या तंजावूर शस्त्रांची नोंदवही दुसऱ्या बाजूला ठेवून नग-नग ताडून पाहिले, तर मोडीत गेलेल्या साठ्याची निदान बाह्यरेषा तरी उभी करता येईल. त्यासाठी मोडी, तमिळ आणि शस्त्रविद्या या तिन्हींचे जाणकार एका मेजावर बसायला हवेत. मोडी शिकणाऱ्यांचे वर्ग महाराष्ट्रात आज अनेक ठिकाणी भरतात. त्यांतल्या दोघा-चौघांनी पुण्या-मुंबईच्या दप्तरांपुढे जाऊन तंजावूरच्या शस्त्रांच्या याद्या हा विषय अभ्यासाला घ्यावा, अशी विनंती आहे.